उजव्या बाजूचा सराव

"वाटी सरकव जरा, इन्सब्रुक झाकलं गेलंय," हे म्हणाले.

मी आमटीची वाटी उचलली. खाली खरोखरच इन्सब्रुक होतं, आणि त्याच्याभोवती आमटीचा पिवळा गोल उमटला होता.

"डाग पडला की हो."

"पडू दे. मुक्काम तिथंच ठेवू, म्हणजे विसरायला नको."

आमच्या घरात एवढा मोठा नकाशा पसरायला जेवणाच्या टेबलाशिवाय दुसरी जागा नव्हती. संक्रांतीच्या आसपास ह्यांनी तो पुण्याहून आणला, आणि तेव्हापासून आम्ही दोघं टेबलाच्या कडेकडेनं जेवत होतो. पानात भाकरी, पानापलीकडे ऑस्ट्रिया.

हे म्हणजे माझे यजमान, मनोहर साबणे. वीज मंडळात इंजिनिअर होते. नोकरीत असताना घरी आले की थकलेले असायचे, म्हणून बोलायचे नाहीत. निवृत्त झाल्यावर थकवा गेला, पण न बोलायची सवय तेवढी राहिली. 'वाढ', 'पुरे', 'पंखा कमी कर' एवढ्यावर आमचा संसार सुरळीत चालला होता. मुलगी लग्न होऊन इंदूरला गेलेली. मीही शाळेतून निवृत्त झाले, आणि मग साताऱ्याच्या त्या घरात सगळ्यात जास्त बोलणारा प्राणी म्हणजे आमचा रेडिओ. मला त्या घरात फार एकटं वाटायचं. माणूस समोर बसलेला असताना एकटं वाटतंय हे सांगायचं तरी कुणाला, म्हणून मी ते सांगत नसे.

आणि अशात हा नकाशा आला.

"म्युनिकला उतरायचं, भाड्यानं गाडी घ्यायची आणि डोंगर-किल्ले बघत फिरायचं," पहिल्याच दिवशी ह्यांनी सांगितलं होतं. "कुठल्या कंपनीची टूर नको, झेंडेवाला गाईड नको. दोघांनीच जायचं. तिसरा माणूस गाडीत घेतला की दोघं बोलतात आणि एक खिडकीबाहेर बघत बसतो."

मी तेव्हा तिळगुळाच्या डब्याचं झाकण लावत होते. झाकण हातातच राहिलं. दोघांनीच! मला इतका आनंद झाला की मी काहीच बोलले नाही. बोलले असते तर रडले असते, आणि रडण्याचं कारण ह्यांना समजावून सांगण्यात अर्धा तास गेला असता.

मी भूगोलाची शिक्षिका. सगळी नोकरी आल्प्स शिकवण्यात गेली, पण पाहिला कधीच नव्हता. टेबलावर पंचा पसरायचा, दोन्ही बाजूंनी आत रेटायचा, मध्ये घड्या उभ्या राहतात. "हा बघा, मुलींनो, घडीचा पर्वत." मुलींना पंचा आठवायचा, पर्वत विसरायचा. आपला सह्याद्री तसा नाही. तो थरांचा. लाव्हा आला, थंड झाला, त्यावर दुसरा थर बसला. रेटारेटी काही नाही. ह्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "मला पंचा दाखव." मी पंचा आणून दाखवला. ह्यांनी स्वतः रेटून बघितला. चाळिशी नाकावर चढवून, खाली वाकून घड्या बघणाऱ्या ह्या माणसाकडे मी बघत राहिले. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण ह्यांनी मला काही दाखवायला सांगितल्याचं मला आठवत नव्हतं.

मग रोज संध्याकाळचा चहा झाला की आम्ही निघायचो. हे बोटानं गाडी चालवायचे, मी पुस्तकातून वाचून दाखवायची. किल्ल्यांवरून आमची रोज जुंपायची.

"ह्या होहेनवेर्फेनवर पाण्याची टाकी किती?"

"टाकी कशाला हवीत? वर कॉफी मिळते."

"किल्ल्यावर कॉफी?"

"आणि लिफ्टनं जायचं."

"मग त्याला किल्ला कशाला म्हणायचं? बंगला म्हणा." हे खरोखरच नाराज झाले. "बरं, चोरदरवाजा कुठल्या अंगाला आहे?"

"अहो, तिकीट काढून पुढच्या दारानं आत सोडतात. चोरदरवाजा कशाला लागतोय तुम्हाला?"

"किल्ला बघायचा म्हणजे चोरदरवाजा बघायचाच. आणि पहाटे निघायचं. ऊन चढायच्या आत माथा गाठायचा."

"तिथं ऊन चढलं तर लोक आनंदानं कपडे काढून बसतात."

ह्यावर हे हसले. मोठ्यानं हसले. शेजारच्या कुलकर्णी वहिनींनी दुसऱ्या दिवशी विचारलं, पाहुणे आले होते का.

किल्ल्यांचं वेड ह्यांना कॉलेजपासूनचं. ह्यांचा एक जिवलग मित्र, भालचंद्र निकम. आता नागपूरला असतो. तो ह्यांना मन्या म्हणतो आणि हे त्याला भाल्या. दोघांनी मिळून सह्याद्रीतला एक किल्ला सोडला नाही. मी दशम्या करून द्यायची, तिखट चटणी वेगळी बांधायची, आणि हे परत आले की चिखलाचे बूट गॅलरीत ठेवायची. मला एकदाही नेलं नाही. त्याला कारणही होतं, नाही असं नाही. लग्नानंतर पहिल्यांदा महाबळेश्वरला निघालो तेव्हा पसरणीच्या घाटात मला गाडी लागली. अशी लागली की ह्यांचा नवा सफारी फुकट गेला. तेव्हापासून 'हिला घाट सोसत नाही' हे आमच्या घरात कायमचं ठरून गेलं. कुणी पुन्हा विचारलं नाही आणि मीही पुन्हा सांगितलं नाही.

म्हणूनच मला काळजी पडली. दोघांनीच जायचं, सगळा रस्ता घाटाचा, आणि मी पिशवीत तोंड घालून बसणार? मग कुठला आल्प्स आणि कुठल्या गप्पा!

आमच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "गोळ्या देतो. पण एक सांगू का? जो चालवतो त्याला गाडी लागत नाही."

ते गमतीनं म्हणाले असतील. मी बाहेर आले आणि रिक्षा न करता चालत थेट जमादारच्या मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेले. शिवाजी जमादार माझ्या शाळेशेजारच्या मुलांच्या शाळेतला. शिकवणीला माझ्याकडे यायचा आणि नकाशात गोदावरी कायम वरून खाली काढायचा. तो खुर्चीतून उठून उभा राहिला.

"बाई, कुणाला शिकवायचंय?"

"मला."

त्यानं टेबलावरचं मारुतीचं कॅलेंडर सरळ केलं आणि म्हणाला, "बसा."

ह्यांना सांगितलं नाही. योगाचा वर्ग आहे म्हणाले. हे विचारणाऱ्यांतले नव्हतेच. मला ह्यांना थक्क करायचं होतं. तिथल्या एखाद्या घाटात हे दमले की आपण सहज म्हणायचं, 'सरका, मी घेते.' तेव्हाचा ह्यांचा चेहरा मी मनात इतक्यांदा पाहिला होता की तो पाठ झाला होता.

"बाई, क्लच! क्लच, बाई!" शिवाजी ओरडायचा आणि लगेच "सॉरी बाई" म्हणायचा. गाडी आचके देत बंद पडायची. एकदा मी एका चांगल्या म्हशीला घाम फोडला. पण हळूहळू जमायला लागलं. मग एके रविवारी मी त्याला म्हटलं, "आता उजव्या बाजूनं चालवायला शिकव."

"उजव्या बाजूनं? बाई, मामा पकडतील."

"जर्मनीत उजवीकडून चालवतात."

"जर्मनीत चालवत असतील. आपण कोरेगाव रोडवर आहोत."

शेवटी एमआयडीसीत गेलो. रविवारी तिथले रस्ते ओस असायचे. बंद कारखान्यांच्या भिंतींमधून मी उजव्या बाजूनं गाडी चालवायची, उजव्या बाजूनं वळायची, आणि शिवाजी जीव मुठीत धरून बसायचा. तिकडे स्टिअरिंग डावीकडे असतं, म्हणजे गिअर उजव्या हातात. तो सराव मी घरी केला. हे फिरायला गेले की सोफ्यावर बसायचं, उजवीकडच्या उशांमध्ये लाटणं उभं खोचायचं आणि पहिला, दुसरा, तिसरा. पोळ्या करताना हातात लाटणं आलं की मला हसू यायचं. इतकं हसू मला कित्येक वर्षांत आलं नव्हतं.

हे संध्याकाळी गॅलरीत फोनवर भालचंद्र भावजींशी बोलायचे. कानावर नावं पडायची, ब्रेनर, साल्झबर्ग, नॉयश्वानस्टाइन. मला त्यात नवल वाटलं नाही. भाल्याला विचारल्याशिवाय हे साधी बुटाची नाडीसुद्धा घेत नसत.

एप्रिलमध्ये हे म्हणाले, "शुक्रवारी पुण्याला व्हिसासाठी जायचंय. कागद सगळे काढून ठेवलेत."

मी गुरुवारी फोटो काढून घेतले. पांढरा पडदा, कान दिसायला हवेत, हसायचं नाही. फोटोवाला म्हणाला, "काकू, हसू नका." मी म्हटलं, "प्रयत्न करतेय." मध्यंतरी जावयाची नोकरी दुबईला होती, तेव्हा लेकीकडे जायचं म्हणून काढलेला पासपोर्ट होताच. जावई दुबईहून परत आला तरी तो कोराच राहिला होता. शुक्रवारी सकाळी मी निळी नारायणपेठ नेसले, पासपोर्ट आणि फोटो पर्समध्ये घातले, पोळ्यांचा डबा भरला आणि बाहेर आले.

दाराशी रिक्षा थांबली. भालचंद्र भावजी उतरले, हातात बॅग.

"वहिनी! आलो बघा. रात्रभर गाडीत बसून पार भुगा झालाय कमरेचा. मन्याचं आवरलं का?"

"आवरलं, आवरलं," हे आतून आले. हातात कागदांची पिशवी. "चहा घे पटकन. साडेदहाला आपली वेळ आहे दोघांची. उशीर झाला तर पुन्हा महिनाभर थांबावं लागेल."

मी तिथेच उभी होते. समजायला वेळ लागला नाही. इतकी साधी गोष्ट होती की समजायला काय लागणार? दोघांनीच जायचं होतं. ते दोघं कोण, हे ह्यांना इतकं उघड होतं की सांगायची गरजच पडली नव्हती. आणि मला ते इतकं उघड होतं की विचारायची गरज पडली नव्हती.

ह्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"तू कुठं निघालीस एवढी नटून?"

"देवळात," मी म्हणाले.

"आणि हा डबा?"

"तुमच्यासाठी. वाटेत खायला. दोघांना पुरेल."

"बघ, भाल्या," हे खूश होऊन म्हणाले. "सांगितलं होतं ना, हिच्या लक्षात असतं सगळं."

ते गेले. मी खरंच देवळात गेले, कारण सांगितलं होतं आणि साडी नेसलेली होती. तिथल्या ओट्यावर बसले. मला फार वाईट वाटलं. राग येईल म्हणून वाट बघितली, पण राग आला नाही. नुसती लाज वाटत होती. ह्या वयात उशीत लाटणं खोचून बसणाऱ्या बाईची लाज.

त्यानंतरही संध्याकाळी चहा झाला की नकाशा पुढे यायचा.

"ग्रॉसग्लॉकनरचा रस्ता मेच्या अखेरीस उघडा असतो ना?"

"असतो. पण त्यापेक्षा उंच स्टेल्व्हिओ आहे, तो धरू नका. बर्फ असेल."

"भाल्याला तोच हवाय."

"भावजींना म्हणावं, जूनशिवाय नाही."

मी सांगत होते आणि हे ऐकत होते. मला वाटलं होतं, कळल्यावर ह्या संध्याकाळी नकोशा होतील. तसं झालं नाही. उलट मी एकेक घाट लांबवत होते, कारण नकाशा संपला की ह्यांचं बोलणं संपणार होतं आणि रेडिओ पुन्हा सुरू होणार होता. एकदा मनात आलं, सांगून टाकावं. 'अहो, मला वाटलं होतं की मी येणार आहे.' वाक्य तयार होतं. पण सांगितलं असतं तर हे ओशाळले असते, मग भावजींना फोन, मग भावजी म्हणणार 'अरे, वहिनींनाच ने', आणि मी कुणाच्या तरी जागेवर बसून आल्प्स बघणार. मला तशी जागा नको होती. मला ह्यांनी आधीपासून धरलेली जागा हवी होती.

लायसन्सची परीक्षा मात्र दिली. शिवाजी म्हणाला, "बाई, आता कशाला घाई? पुढच्या महिन्यात देऊ." मी म्हटलं, अर्धवट सोडायचं नाही. पास झाले. त्यानं पेढे आणले. लायसन्स मी मसाल्याच्या डब्यामागे ठेवून दिलं.

निघायचा दिवस आला. मुंबईच्या विमानतळाला जाणारी बस हायवेच्या फाट्यावर दुपारी थांबायची. सांगितलेला टॅक्सीवाला आलाच नाही. फोन लावला तर कुणाच्या लग्नात बसला होता, मागे बँड वाजत होता. हे घामाघूम झाले.

"आपली गाडी काढतो," हे म्हणाले. मग थांबले. "पण परत कोण आणणार? फाट्यावर दोन आठवडे उभी ठेवायची?"

"मी आणते," मी म्हणाले.

"तू?"

मी आत जाऊन मसाल्याच्या डब्यामागून लायसन्स काढलं आणि ह्यांच्या हातात दिलं. ह्यांनी ते उलटसुलट करून बघितलं. भावजी तर टाळ्याच वाजवायला लागले.

"वहिनी! छुपे रुस्तम!"

"कधी शिकलीस?" ह्यांनी विचारलं.

"योगाच्या वर्गात. बसा, उशीर होतोय. मीच नेते."

हे माझ्या शेजारी बसले, भावजी मागे सामानात रुतून. मी आरसा लावला, पट्टा लावला, गाडी सुरू केली. एकही आचका बसला नाही. गल्लीतून बाहेर पडले, कॉलनीचा मोठा रस्ता दुपारचा सुनसान होता, एमआयडीसीतल्या रविवारसारखा. शेजारी हे होते. मागे बॅगा होत्या. इतके महिने जे मनात चालवलं होतं तेच सगळं समोर होतं. माझ्या हातांनी आपोआप वळण घेतलं.

"अगं अगं अगं!" हे ओरडले. "उजवीकडं कुठं? डावीकडं घे!"

समोरून येणारा दूधवाला सायकलवरून उतरून उभा राहिला. मी गाडी डावीकडे घेतली.

मागून भावजी हसत सुटले. "काय हे, वहिनी! आम्ही अजून फाट्यावर पोचलो नाही आणि तुम्ही जर्मनीत पोचलासुद्धा!"

ते बराच वेळ हसत होते. हे हसले नाहीत.

मी समोर बघत होते, पण हे माझ्याकडे बघतायत हे मला कळत होतं. माझ्या हातांकडे बघितलं, मग रस्त्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. चोरदरवाजा शोधताना किल्ल्याच्या भिंतीकडे बघावं तसं. फाटा आला.

बस आधीच येऊन उभी होती. क्लीनर बॅगा ओढायला लागला. भावजी चढले. हे दाराशी थांबले.

"तुला गाडी लागली नाही?"

"चालवणाऱ्याला लागत नाही."

"हो का?" हे म्हणाले. "मला माहीत नव्हतं."

"तुमच्या गोळ्या हँडबॅगेत आहेत. इन्सब्रुकला पोचलात की कळवा."

क्लीनरनं दार आपटलं. बस गेली.

मला घरी जावंसं वाटेना. टेबल आता रिकामं झालं होतं आणि तिथे नीट मधोमध ताट ठेवून जेवायचं होतं. मी गाडी गावातून काढली आणि यवतेश्वरच्या घाटाला लावली. ज्या घाटात मला कुणी नेलं नव्हतं तो घाट मी एकटीनं चढले. वर रस्त्याकडेला थांबले. खाली सातारा, समोर अजिंक्यतारा, आणि सह्याद्रीचे थर एकावर एक, कुणी कुणाला न रेटता बसलेले. शेजारची सीट ह्यांनी पाय लांब करायला मागे सरकवली होती. मी ती पुढे घेतली नाही.

फोन वाजला.

"पोचलीस का घरी?"

"हो," मी म्हणाले.

बसच्या इंजिनाचा आवाज येत होता. भावजी झोपले असावेत.

"ते उजवीकडचं," हे म्हणाले, "कधीपासून शिकत होतीस?"

"संक्रांत झाली आणि लगेच."

"तेव्हा तर आपण नुसता नकाशा आणला होता."

"हो."

ह्यांनी फोन ठेवला नाही. मी ह्यांचा श्वास ऐकत होते. आमच्या संसारात इतका वेळ हे माझ्याबरोबर फोनवर कधी थांबले नव्हते.

"पुढच्या वर्षी," शेवटी हे म्हणाले. "पुढच्या वर्षी आपण..."

"घाट लागला असेल तुम्हाला. आवाज तुटतोय. ठेवते," मी म्हणाले.

आवाज तुटत नव्हता. एकेक शब्द स्वच्छ ऐकू येत होता.

पुढचं वर्ष आलं, त्याच्या पुढचंही आलं. ह्यांनी खरंच दोनदा विचारलं, आणि मी दोन्ही वेळा बघू म्हणाले. नंतर ह्यांचे गुडघे गेले आणि तो विषय आपोआप मिटला. नकाशा अजून आहे. इन्सब्रुकभोवतीचा पिवळा गोल तेवढा फिका झालाय.

त्या दिवशी मात्र मी काच खाली केली, गाडी वळवली आणि घाट उतरायला लागले. उन्हं कलली होती, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. कुठल्याही बाजूनं चालवली असती तरी कुणी ओरडायला नव्हतं. मी सगळा घाट डावीकडून उतरले. गाडी मला लागली नाही.